मशीन भाड्याचे, जमीन आपली
शेतात जेसीबी, पोकलेन बोलावण्यापूर्वी



होळी झाली, रान मोकळे झाले की गावोगावी मशीनची घरघर सुरू होते. कोणी भातखाचराचे सपाटीकरण करून घेतो, कोणी शेततळे खोदतो, कोणी पाइपलाइनसाठी चारी घेतो, तर कोणी तलावातला गाळ आणून माळावर पसरतो. ज्या कामाला घरच्या माणसांचे दोन उन्हाळे जात, ते आता दोन दिवसांत उरकते. ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु मशीनचे भाडे तासावर असते, पाऊस तोंडावर आलेला असतो, आणि या घाईत पाच मिनिटांची एक गोष्ट राहून जाते. ती कोणती, हे या पत्रिकेत सांगायचे आहे. रेडिओवर या विषयाला वेळ अपुरा पडला, म्हणून हे छापून आपल्या हाती देत आहोत. वाचून झाल्यावर शेजाऱ्यालाही द्यावे.

कुर्ल्याच्या गॅरेजातला धडा

मी मूळचा मुंबईतल्या कुर्ल्याचा. पुढे बी. एस्सी. कृषी झालो आणि विस्तार अधिकारी म्हणून शेतकऱ्यांमध्ये आलो. परंतु माझे लहानपण डिझेल आणि ग्रीसच्या वासात गेले. कुर्ल्याला सीएसटी रोडच्या बाजूने गॅरेजांची आणि सुट्या भागांच्या दुकानांची दाट वस्ती आहे. माझे काका तिथल्या एका गॅरेजात हायड्रॉलिकचे काम करीत.

एका दुपारी त्यांच्याकडे जेसीबी आला होता. पुढचे बकेट वर उचलून ठेवलेले आणि काका त्याच्या खाली बसून नळीचा जोड सैल करीत होते. तेवढ्यात चहावाल्या पोराने हाक मारली. काका ग्लास घ्यायला चार पावले बाहेर आले आणि मागे धाडकन आवाज झाला. बकेट खाली आले होते. काकांचा पाना आणि बसायचा पाट, दोन्ही त्याच्याखाली होते.

सगळे म्हणाले, "नशीब बलवत्तर!" काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नशीब कसलं? टेकू लावला असता तर चहावाल्याची वाट बघायला लागली नसती." त्याच संध्याकाळी त्यांनी लोखंडी अँगलचा एक टेकू वेल्डिंग करून घेतला आणि त्याला लाल रंग दिला. त्यानंतर त्या गॅरेजात टेकू लावल्याशिवाय उचललेल्या बकेटखाली कोणी बसले नाही.

असे का झाले, ते समजून घ्या. उचललेले बकेट तेलाच्या दाबावर उभे असते. नळी फुटली किंवा जोड सुटला की तेल बाहेर पडते आणि लोखंड खाली येते. माणसाला हलायलाही सवड मिळत नाही. ट्रॅक्टरच्या डंपिंग ट्रॉलीचेही तसेच आहे. ट्रॉली उचलून खाली वाकून ग्रीस भरणारे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. म्हणून बकेट असो वा ट्रॉली, ती जमिनीवर टेकवावी किंवा भक्कम टेकू लावावा, मगच खाली हात घालावा. काही मशीनना कंपनीकडूनच असा टेकू येतो. तो घरी अडगळीत टाकू नये. तसेच नळीतून बारीक गळती दिसली तर हात फिरवून पाहू नये. दाबाचे तेल सुईसारखे कातडीत शिरते. बाहेरून टिचभर जखम दिसते आणि आतून हात सडतो. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरावा, आणि तेल शिरल्याची शंका आली तर दुखण्याची वाट न पाहता त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावे.

नोकरी लागल्यापासून मी अनेक मशीनचालकांशी बोललो आहे. "थोडक्यात वाचलो" अशी एक तरी गोष्ट प्रत्येकाकडे असते. त्या गोष्टी ऐकता ऐकता माझ्या एक लक्षात आले. मशीनमध्ये बिघाड होता असे क्वचितच निघते. जमिनीखाली काय आहे, डोक्यावर काय आहे, मागे कोण आहे, हे चालकाला ठाऊक नव्हते असे बहुतेक वेळा निघते. आणि ज्याला ठाऊक होते तो माणूस बांधावर उभा राहून काम पाहत होता. तो माणूस म्हणजे आपण, शेताचा मालक.

चालक परगावचा असतो. आज तुमच्या शेतात, उद्या पुढच्या गावात. त्याला मशीन ठाऊक आहे, जमीन ठाऊक नाही. जमिनीची माहिती त्याला आपणच द्यायची आहे. आता एकेक प्रसंग पाहू.

१. काठ खचतो तेव्हा

कुर्ल्यावरून मिठी नदी वाहते. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यापासून निघून ती सुमारे १८ किलोमीटरवर माहीमच्या खाडीला मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मिठीकाठच्या वस्त्या पाण्याखाली गेल्या. आमच्या गल्लीतही पाणी शिरले होते. तेव्हापासून मिठीतला गाळ पावसाळ्याआधी निघाला की नाही, याकडे साऱ्या शहराचे डोळे असतात. नदीनाल्यांच्या गाळाच्या कामावर पोकलेन चालवणारे पुष्कळ जण मराठवाड्यातले, सोलापूरकडचे. त्यांतले एक गृहस्थ आमच्या शेजारी राहत. त्यांनी सांगितलेली ही हकिकत.

एका नाल्याच्या काठी ते सकाळपासून एकाच जागी उभे राहून खोल खोदत होते. दुपारी मशीनच्या मागे जमिनीवर केसासारखी भेग दिसली. उन्हाने पडली असेल म्हणून त्यांनी सोडून दिली. अर्ध्या तासाने हेल्परने जोरात शिटी मारली. भेगेत आता बोट जात होते. त्यांनी काही न विचारता मशीन सरळ मागे घेतले. मशीन हलले आणि ज्या जागेवर ते उभे होते तो पाच-सहा फूट काठ नाल्यात बसला. "चेन काठाकडे तोंड करून होत्या म्हणून सरळ मागं येता आलं. काठाला समांतर लावल्या असत्या तर एक बाजू बसून मशीन उलटलंच असतं," असे ते सांगत.

मध्यम आकाराचे पोकलेन सुमारे २० टनांचे असते. म्हणजे भाताची पन्नास किलोची ४०० पोती एका जागी रचावीत तेवढा भार. साधा जेसीबीही सात-आठ टनांचा असतो. असा भार काठावर आला, त्यात मशीन हादरत राहिले आणि खालून माती काढून घेतली, की काठ सुटतो. काळी माती ओली असेल तर फार लवकर सुटतो.

आपल्याकडे २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तलावांतला गाळ काढून शेतात नेला जातो. तलावातल्या गाळाचा एक धोका ध्यानात ठेवा. वरून तो वाळून भेगाळलेला दिसतो, आत मात्र लोण्यासारखा असतो. मशीन घालण्यापूर्वी पहार खुपसून पाहावी. सहज आत गेली तर तिथे चाक घालू नये.

काठाजवळ काम करताना:
• पोकलेनच्या चेन काठाकडे तोंड करून ठेवाव्यात, समांतर नकोत. मागे यायची वाट मोकळी ठेवावी.
• मशीनच्या खालून माती पोखरून काढू नये. एक थर काढला की मशीन मागे घ्यावे.
• ट्रॅक्टर आणि डंपर यांची ये-जा खड्ड्यापासून लांबून ठेवावी. खड्डा जितका खोल, निदान तितके अंतर सोडावे.
• काठावर भेग दिसली की काम थांबवावे. भेग म्हणजे जमिनीची शिटी आहे.
• शेततळ्याच्या भिंती सरळ उभ्या काढू नयेत. एक फूट खोलीला एक ते दीड फूट उतार ठेवावा. पुढे अस्तराचा कागदही त्यावर नीट बसतो.

२. जुनी विहीर, बुजलेला खड्डा

एका गावी सपाटीकरणाचे काम चालू होते. जेसीबी मोकळ्या रानात फिरत असताना त्याचे मागचे चाक एकाएकी जमिनीत गेले. मशीन कलले. चालकाने पट्टा बांधलेला होता. तो स्टिअरिंग धरून आत बसून राहिला म्हणून निभावले. दुसरे मशीन आणून बाहेर काढावे लागले. खाली पाहतात तो बुजवलेली विहीर! कोणे एके काळी दगड आणि पालापाचोळा टाकून भरलेली, वर माती ओढलेली.

संध्याकाळी घरी हा विषय निघाला तेव्हा मालकाच्या म्हाताऱ्या आई म्हणाल्या, "अरे, ती तर माझ्या आजेसासऱ्यांची विहीर. मला विचारलं असतंत तर!" त्या दिवसभर ओसरीवर बसून होत्या. त्यांना कोणी विचारले नव्हते.

म्हणून मशीन येण्याच्या आदल्या दिवशी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारावे. जुनी विहीर, बुजवलेला खड्डा, शेणखड्डा, जुना नाला, मुरलेल्या पाण्याची जागा, पाइपलाइन, जमिनीतली केबल, बंद पडलेले बोअर यांची माहिती घ्यावी. प्रत्येक जागी खुंटी ठोकावी आणि भोवती चुन्याची फक्की मारावी. तोंडी सांगितलेले चालक विसरतो, पांढरी रेघ विसरत नाही.

उघड्या विहिरीचे तर विचारूच नका. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगाव शिवारात, हिंगोली जिल्ह्यातून शेतमजुरीला निघालेल्या महिलांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळला आणि सात महिलांचा जीव गेला. त्या घरोघरच्या आया, लेकी, सुना होत्या. आपल्या शेतातल्या विहिरीला कठडा नसेल तर मशीन आले आहे तोवरच भोवती मातीचा उंच बांध घालून घ्यावा, आणि पुढे पक्का कठडा बांधावा. वाट विहिरीच्या कडेने असेल तर ती वळवावी.

३. खोल चारीत माणूस उतरतो तेव्हा

पाइपलाइनची चारी सात फूट खोल गेली होती. काढलेली माती काठावरच ढीग करून टाकली होती. पाइप सरळ बसला का, हे पाहायला घरातला धाकटा भाऊ खाली उतरला. वाकलेला उभा राहिला आणि त्याच क्षणी एका बाजूची माती सुटली. कमरेपर्यंत गाडला गेला. थोरल्या भावांनी हातांनी माती उपसून त्याला काढले. वाकलेलाच असता तर डोक्यावरून माती गेली असती.

माती जड असते. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच एवढ्या मातीचे वजन दीड टनाच्या पुढे जाते. छातीपर्यंत गाडलेल्या माणसाचे तोंड उघडे असले तरी छाती फुगू शकत नाही आणि त्याचा श्वास कोंडतो.

सरकारी बांधकामांच्या सुरक्षा नियमांत याबद्दल साध्या गोष्टी सांगितल्या आहेत. त्या शेतातही लागू पडतात:
• चारी चार फुटांहून खोल असेल तर आत शिडी असावी. ती काठाच्या वर तीन फूट यावी.
• पाच फुटांहून खोल असेल तर बाजू उताराच्या, पायऱ्यापायऱ्यांच्या काढाव्यात, नाहीतर फळ्या आणि आडवे दांडे लावून दोन्ही बाजू तोलून धराव्यात.
• काढलेली माती काठापासून निदान पाच फूट लांब टाकावी. चारी फार खोल असेल तर खोलीच्या निम्म्याहून लांब.
• वरून खाली खोदत जावे. खालून पोखरून वरची माती पाडू नये.

या सावधगिरीला मोठी कामेही अपवाद नाहीत. २९ मे २०२४ च्या रात्री वर्सोवा पुलाजवळ ससूनवघर येथे पाण्याच्या बोगद्यासाठी खोल खड्डा खणताना बाजूची भिंत आणि माती कोसळली आणि पोकलेनचालक मशीनसकट गाडला गेला. एनडीआरएफ आणि लष्कराची माणसे कित्येक दिवस शोध घेत होती. जिथे इंजिनीअर आणि साधनसामग्री हजर होती तिथे हे घडले. आपल्याकडे तर दोन फावडी आणि एक दोर असतो.

कोणी गाडले गेलेच तर बकेटने माती काढू नये, माणसाला बकेट लागते. मशीन बंद करावे, सगळ्यांनी एकदम चारीत उड्या घेऊ नयेत, कारण दुसरी बाजूही सुटू शकते. आधी तोंड आणि छाती हातांनी मोकळी करावी. तसेच विहिरीत माणूस उतरवायला बकेट वापरू नये. बकेट माती उचलण्यासाठी आहे. धक्का बसला, दांडा चुकून हलला, तर आत धरायला काही नसते.

४. डोक्यावरच्या तारा

रस्त्यासाठी मुरूम आणला होता. ट्रॉली रिकामी करायला चालकाने ती उचलली आणि वरच्या ११ हजार व्होल्टच्या तारेला लागली. चर्र आवाज, धूर, टायरपाशी ठिणग्या. मालक मदतीला धावला तेव्हा चालक आतून जिवाच्या आकांताने ओरडला, "जवळ येऊ नका! लाईन बंद करा!" मालक थांबला. तो थांबला म्हणून आज दोघेही आहेत.

पुष्कळांचा समज असा की रबरी टायर असल्यावर वीज लागत नाही. ११ हजार व्होल्टपुढे टायरचा भरवसा नाही. दुसरे असे की अशा तारेला प्रत्यक्ष स्पर्शच व्हावा लागतो असेही नाही. फार जवळ गेले तरी वीज उडी घेते. म्हणून बकेट, बूम, ट्रॉली यांतली कोणतीही गोष्ट तारेपासून दहा फुटांच्या आत येऊ देऊ नये. शेतातल्या तारा दोन खांबांच्या मध्ये लोंबतात, आणि सपाटीकरणात आपण खाली भर घातली की त्या आणखी जवळ येतात. हेही विसरू नका.

तारेखाली काम करणे भागच असेल तर महावितरणच्या कार्यालयात आधी अर्ज करून लाईन बंद करून घ्यावी. आपण होऊन डीपीवरचा फ्यूज काढू नये.

तार मशीनला लागलीच तर:
• चालकाने आतच बसून राहावे. जमले तर मशीन तारेपासून दूर न्यावे.
• बाहेरच्यांनी निदान तीस-पस्तीस फूट लांब राहावे. काठी, दोर, काहीही लावू नये.
• १९१२ या क्रमांकावर फोन करून लाईन बंद करायला सांगावे.
• मशीनला आग लागली तरच खाली उतरावे. उतरताना एक हात मशीनला आणि एक पाय जमिनीला असे होऊ देऊ नये. दोन्ही पाय जुळवून लांब उडी घ्यावी आणि पाय न उचलता, जुळलेलेच ठेवून घासत घासत दूर जावे. जमिनीतही वीज पसरलेली असते. दोन पायांत अंतर पडले की ती एका पायातून शिरून दुसऱ्यातून निघते.

५. मागे कोण आहे?

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून सांगतो.

एका शेततळ्याची खोली मोजायला मी गेलो होतो. पोकलेन चालू होते. ओल्या मातीतून खेकडे निघत होते आणि गावातली पोरे ते वेचायला जमली होती. माझे लक्ष टेपकडे. एक सहा-सात वर्षांचा मुलगा खेकड्यामागे पोकलेनच्या पाठीशी जाऊन वाकला. चालकाने माती टाकायला मशीन वळवले. पुढचे बकेट डावीकडे गेले तसा मागचा जड लोखंडी भाग उजवीकडे फिरला. घमेले घेऊन चाललेल्या एका बाईने घमेले टाकले आणि पोराचा शर्ट धरून त्याला ओढले. लोखंड त्याच्या डोक्यावरून वीतभर अंतराने गेले. चालकाला काही कळलेही नाही. तो आपला खोदत राहिला.

त्या जागी अधिकारी मी होतो. पोरांना हटवणे माझे काम होते, आणि ते केले त्या माउलीने. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पोकलेनच्या पाठीमागचे चालकाला दिसत नाही. जेसीबी मागे घेतानाही तसेच. म्हणून मशीनभोवती ते जिथवर फिरते त्याच्याही पलीकडे दोरी बांधावी, दोरीला लाल फडके लावावे. दोरीच्या आत कोणी जायचे नाही. जायचेच असेल तर चालकाची नजर आपल्यावर पडावी, त्याने बकेट जमिनीवर टेकवावे, मग जावे. एक मोठे माणूस फक्त लक्ष ठेवायला उभे करावे आणि त्याला शिटी द्यावी. शिटी वाजली की मशीन थांबलेच पाहिजे, हे आधी ठरवावे. मुलांना मशीन पाहायची हौस असते. त्यांना लांब बांधावर बसवून दाखवावे, त्यात काही बिघडत नाही. उचललेल्या ओझ्याखाली तर मोठ्यांनीही उभे राहू नये. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूर तालुक्यात सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना गर्डर उचलणारे अवजड यंत्र कोसळले आणि २० जण दगावले.

६. रुतलेले मशीन ओढताना

चिखलात रुतलेले वाहन ट्रॅक्टरने ओढताना साखळी नेहमी मागच्या खालच्या हुकालाच बांधावी. वर बांधली किंवा रुतलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांपुढे ओंडका अडकवून जोर लावला, तर चाक फिरत नाही. मग इंजिनाचा जोर ट्रॅक्टरचे तोंड वर उचलतो. पुढची चाके उचललेली दिसेपर्यंत ट्रॅक्टर मागे उलटलेला असतो. तसेच ताणलेली साखळी तुटली तर ती चाबकासारखी येते. म्हणून साखळीच्या लांबीहून अधिक अंतरावर सगळ्यांनी उभे राहावे. घाई नसेल तर चाकापुढची माती खणून, फळ्या टाकून, मागच्या मागे काढणे सर्वांत बरे.

आणि मशीन कलू लागले तर उडी मारायचा मोह होतो. तो आवरावा. भक्कम केबिन आणि पट्टा असेल तर पट्टा बांधून आत घट्ट धरून बसावे. उडी मारणारा बहुधा ज्या बाजूला मशीन पडते त्याच बाजूला पडतो.

७. चालक कोण आहे?

९ डिसेंबर २०२४ च्या रात्री आमच्या कुर्ल्यात भरवस्तीत एका बसचा ताबा सुटला आणि रस्त्यावरच्या माणसांचे बळी गेले. विजेवर चालणारी, गिअर नसलेली ती बस होती. चालकाला या नव्या प्रकारच्या बसचा सराव पुरेसा होता का, हा प्रश्न तेव्हा सगळीकडे विचारला गेला. ज्या रस्त्याने मी शाळेत गेलो त्या भागातली ही गोष्ट, म्हणून मनातून जात नाही.

आपण मशीन ठरवताना भाडे किती, एवढेच विचारतो. आणखी तीन प्रश्न विचारावेत. याच प्रकारच्या मशीनवर किती दिवस काम केले आहे? परवाना आहे का? काल रात्री झोप झाली का? तिसऱ्या प्रश्नाला हसू नका. हंगामात चालक रात्रंदिवस एका शेतातून दुसऱ्या शेतात जातात. डोळा लागलेल्या माणसाच्या हाती २० टन लोखंड देऊ नये. त्याला दोन घास आणि दोन तास विसावा दिला तर आपलेच काम चांगले होते. आणि मालक खूश व्हावा म्हणून "होईल, होईल" म्हणणाऱ्या चालकापेक्षा "इथं नको, काठ कच्चा आहे" म्हणणारा चालक अधिक मोलाचा. त्याला भित्रा म्हणू नका.

पाच मिनिटांची फेरी

आता सुरुवातीला म्हटलेली ती पाच मिनिटांची गोष्ट. मशीन शेतात आले की किल्ली फिरवण्यापूर्वी चालकाला बरोबर घेऊन सबंध शेताला एक फेरी मारावी. भाड्याचा तास सुरू झाला असेल तरी चालेल. फेरीत एवढे दाखवावे:

खाली: जुनी विहीर, खड्डा, पाइप, केबल, पाणथळ जागा. सगळीकडे चुन्याची फक्की.
वर: विजेच्या तारा, त्या सर्वांत खाली कुठे येतात ती जागा, वाळलेल्या फांद्या.
कडेला: काठ, उतार, बांध, विहीर, भेगा.
मागे: माणसांची, गुराढोरांची वाट, मुलांच्या खेळण्याची जागा.
निघायची वाट: अडचण आली तर मशीन कुठून बाहेर काढायचे.

त्याच वेळी खुणेची शिटी कोणाकडे हे ठरवावे, आणि फोनमध्ये हे क्रमांक असावेत: रुग्णवाहिकेसाठी १०८, तातडीच्या मदतीसाठी ११२, विजेसाठी १९१२. गावापासून शेतापर्यंतची वाट सांगता येईल असे माणूस रस्त्यावर पाठवावे. रुग्णवाहिका बहुधा शेवटच्या अर्ध्या मैलात चुकते.

जाता जाता

"थोडक्यात वाचलो" हे आपण पारावर रंगवून सांगतो. ऐकणारे हसतात आणि गोष्ट तिथेच संपते. माझ्या काकांनी तसे केले नाही. वाचले त्याच दिवशी त्यांनी टेकू करून घेतला. गॅरेज पुढे दुसऱ्याकडे गेले, काकाही थकले. परंतु मी गेल्या खेपेला तिथे डोकावलो तेव्हा तो लाल टेकू भिंतीला उभा होता. रंग उडालेला, कडा झिजलेल्या. म्हणजे तो रोज वापरला जातो.

आपल्या शेतात असा प्रसंग घडला असेल तर तो आम्हाला कार्यक्रमाच्या पत्त्यावर जरूर लिहून कळवा. नाव नको, गाव नको. काय घडले, आणि त्यानंतर आपण कोणता टेकू लावला, एवढे लिहा. पुढच्या कार्यक्रमात ते इतरांना सांगू.

या उन्हाळ्यात आपले काम वेळेत होवो, आणि मशीनबरोबर शेतात गेलेली सगळी माणसे संध्याकाळी घरी जेवायला येवोत.